आधी पाणी, मग आम्ल

अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं सुरू झाली, की विद्यार्थी येण्याआधीच परिचर द्रावणं करायला घेतात. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी.

संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात घालायचं नाही, हे सर्वांना पाठ असतं. कारण मात्र क्वचितच सांगितलं जातं. ९८ टक्क्यांचं हे आम्ल पाण्याच्या १.८४ पट जड असतं. पाणी वरून ओतलं तर ते आम्लावर तरंगतं. दोन्हींची गाठ पडते तिथेच सारी उष्णता निघते आणि पाण्याचा तो पातळ थर क्षणात उकळतो. तापल्या तेलात पाणी पडावं तसे शिंतोडे उडतात. हे शिंतोडे आम्लाचे असतात. उलट, पाण्यात सोडलेलं आम्ल खाली जातं आणि उष्णता भोवतालच्या भरपूर पाण्यात वाटली जाते.

एक लिटर एक मोलर द्रावणाला सुमारे ५४ मिलिलिटर आम्ल लागतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. बोरोसिलिकेट चंचुपात्रात अर्ध्याहून जास्त पाणी घ्या, काचकांडीनं ढवळत बारीक धारेनं आम्ल सोडा, पात्र फार तापलं तर थांबा. जाड काचेच्या बाटलीत हे करू नका, ती तडकते. द्रावण पूर्ण निवल्यावरच चंबूत घेऊन खुणेपर्यंत पाणी भरा. गरम द्रावण फुगलेलं असतं, त्यामुळे मोलारिटी चुकते. या वेळी पाणी आम्लातच पडतं, पण ते आम्ल आता विरल झालेलं असतं.

मला खरी काळजी वाटते ती यानंतरच्या क्षणाची. काम संपलं म्हणून आम्लाचं मोजपात्र नळाखाली धरलं जातं. तळाशी संहत आम्लाचे थेंब असतात, म्हणजे पाणी आम्लावरच ओतलं जातं, तेही तोंडाजवळ. आधी मोजपात्र नीट निथळू द्या, मग चष्मा न काढता भरपूर पाण्याच्या टबात बुडवा.

हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांची उष्णता यापेक्षा कमी, पण वाफा जाचक. ती खेळत्या हवेतच हाताळा.

अंगावर आम्ल उडालंच, तर कपडे लगेच काढून वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी. त्वचेवर किंवा डोळ्यांत तो घालू नका. डोळ्यांत गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी सोडा आणि लगोलग दवाखाना गाठा.