साथीदारांची नावे

दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. दिवसा बाजार, संध्याकाळी दंडार, आणि रात्री नाटक सुरू झाले की ते पार उजाडेपर्यंत. माझे मामा अशाच एका नाटक मंडळीत तीस वर्षे ऑर्गन वाजवीत असत. ते गेल्यावर आईने जपून ठेवलेली जुनी हँडबिले मी चाळली. नटांची नावे होती, नट्यांची तर ठळक अक्षरांत होती, मंडपवाल्याचेही होते. मामांच्या वाट्याला दोनच शब्द आले होते : 'सुमधुर संगीत'.

तेव्हापासून मला एक खोडच लागली आहे. कोणतेही गाणे ऐकले, की हे वाजवले कोणी, हा प्रश्न आधी मनात येतो.

'हरे रामा हरे कृष्णा'मधले 'दम मारो दम' घ्या. १९७१ सालचे. आवाज आशा भोसले यांचा, चाल राहुल देव बर्मन यांची, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्यातली जी गिटार कानांत घुमत राहते, ती भूपिंदर सिंग यांची. १९७३ च्या 'चुरा लिया है तुमने' या गाण्यातही तेच वाजवीत होते. ते स्वतः गायक म्हणूनही पुढे आले, म्हणून निदान त्यांचे नाव आपल्या कानांवर पडले. नुसती गिटारच वाजवीत राहिले असते, तर?

त्या काळचे ध्वनिमुद्रण म्हणजे मोठी परीक्षाच. गायक आणि वादकांचा ताफा एकाच वेळी गात-वाजवीत असे. एकाची चूक झाली, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयाची! समोर स्वरलिपीचे कागद असत, आणि ते वाचण्याची विद्या गोव्याहून आलेल्या वादकांजवळ फार चांगली होती. तिकडे चर्चच्या शाळांतून मुलांना ती लहानपणीच मिळे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल हे व्हायोलिन शिकले ते त्यांच्याजवळ. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घातले, आणि ते देशभर घुमले. गंमत अशी, की ऐकणाऱ्यांना ते एका काल्पनिक माणसाचे नाव वाटले.

खुद्द गायकांचीही आधी हीच गत होती. १९४९ च्या 'महल' चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांचे नाव नव्हते. पडद्यावरच्या पात्राचे, 'कामिनी'चे होते. गायकांचा प्रश्न पुढे सुटला. वादकांचा मात्र तसाच राहिला.

आपल्या मराठीतले उदाहरण तर आकाशवाणीचेच आहे. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' झाले. छप्पन्न गीते. गदिमा आणि सुधीर फडके ही नावे घरोघरी आहेत. पण बाबूजींच्या गळ्यामागून जे व्हायोलिन चालत असे, ते प्रभाकर जोगांचे. 'गाणारे व्हायोलिन' या नावाने त्यांनी पुढे स्वतंत्र कार्यक्रम केले, तेव्हा कुठे लोकांनी ते व्हायोलिन मागून पुढे आलेले पाहिले.

विलायतेतही फार वेगळे नव्हते. जिमी पेज हा पुढे जगप्रसिद्ध झालेला गिटारवादक साठीच्या दशकात लंडनच्या स्टुडिओंतून रोजंदारीने दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवीत असे. सत्तरीच्या सुमारास तिकडे लोकगीताला विजेच्या गिटारीची जोड देणारी मंडळी निघाली. त्यांतल्या रिचर्ड थॉम्प्सनने निक ड्रेक नावाच्या तरुण गायकाला साथ केली. ड्रेक १९७४ साली सव्विसाव्या वर्षी वारला. हयातीत त्याच्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पण पाकिटावर वादकांची नावे छापलेली होती. म्हणून आज इतक्या वर्षांनी, चंद्रपुरात बसून, मी तुम्हाला ते नाव सांगू शकतो. मामांचे सांगायचे तर मला घरची ओळख सांगावी लागते.

२०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. केवढा आनंद झाला! गुरुजनांनाही एक विचारतो : शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापताना ढोलकी वाजवणाऱ्या पोराचे नाव आपण घालतो का? मी स्वतः कॉलेजात कित्येक वर्षे घातले नव्हते, हे कबूल करतो.

गेल्या हिवाळ्यात वडशाजवळच्या एका गावी नाटकाला गेलो होतो. पहाटे चारच्या सुमारास अंक पडला, तेव्हा वादकांपाशी जाऊन बसलो आणि नावे विचारली. ऑर्गनवाले म्हातारे हसले. म्हणाले, "नाव कायले पायजे, गुरुजी? च्या सांगा न."

चहा सांगितला. मग हँडबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौघांची नावे लिहून घेतली. तबलजीने आपले आडनाव दोनदा सांगितले, आणि मी नीट लिहिले की नाही ते दिव्याशी धरून पाहिले.