दातावरील पांढरा डाग



गंगापूर रोडने आनंदवली, सोमेश्वर, गोवर्धनकडे जाताना लागणाऱ्या कोणत्याही शाळेत पहिलीच्या मुलांचे दात उजेडात पाहावेत. दुधाच्या दाढांमागे सहाव्या वर्षाच्या सुमारास एक नवी दाढ येते. घरची माणसे तिलाही दुधाची समजतात. ती मात्र जन्मभराची असते.

दाताचे कवच, म्हणजे दंतवल्क किंवा इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्यात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक दाटीने रचलेले असतात. गोड खाल्ल्यावर दातांवरील जिवाणू आम्ल तयार करतात. पीएच ५.५ च्या खाली उतरला की स्फटिक विरघळू लागतात. कार्बोनेट व मॅग्नेशियम आधी निघून जातात. नवल असे की, वरचा पातळ थर बराचसा शाबूत राहतो आणि झीज त्याच्या खाली होते. सच्छिद्र झालेल्या त्या भागात प्रकाश विखुरतो. म्हणूनच, बहुधा हिरडीलगत, खडूसारखा पांढरा डाग दिसतो. दात कोरडा केल्यास तो अधिक स्पष्ट होतो.

याच अवस्थेत दात वाचवता येतो. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट फ्लोराइडच्या साहाय्याने स्फटिकांची डागडुजी करतात. वरचा थर खचला की मात्र खड्डा आपोआप भरत नाही, कारण दंतवल्कात जिवंत पेशीच नसतात. डाग टाचणीने टोकरून पाहण्याची सवय म्हणूनच घातक.

अर्थात प्रत्येक पांढरा डाग किडीचा नसतो. यवतमाळ, चंद्रपूरकडील काही गावांत पाण्यातील जादा फ्लोराइडमुळेही डाग पडतात. ते बहुधा दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात. हा निवाडा दंतवैद्याने करावा. नाशिकला पंचवटीत दंत महाविद्यालय आहे; खड्डा पडण्याआधीच मुलाला तेथे न्यावे.