घटस्फोटाची होडी

(स्त्री-गटांच्या एका मेळाव्यात समारोपाच्या सत्रात केलेलं भाषण. वक्त्या गेली अनेक वर्षं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतात.)

गेले दोन दिवस आपण पोटगी, घरातली हिंसा, मालमत्तेतला वाटा यांवर बोलतो आहोत. आयोजक मैत्रिणी मला म्हणाल्या, "शेवटी जरा हसव सगळ्यांना." म्हणून मी नवरा-बायकोनं मिळून होडी वल्हवण्याबद्दल बोलणार आहे. विषय हसण्याचाच आहे. हसता हसता कुणाला आपलं घर आठवलं, तर त्याला माझा इलाज नाही.

मिनेसोटात तळी फार. उत्तरेला कॅनडाच्या हद्दीला लागून 'बाउंडरी वॉटर्स' नावाचं राखीव जंगल आहे. त्यात हजाराहून जास्त तळी, आणि बहुतेक तळ्यांवर मोटारबोटींना बंदी. उन्हाळ्यात लोक तिथे कनू घेऊन जातात. कनू म्हणजे लांब, निमुळती, उघडी होडी. साधारण १७ फूट लांब. बसायला दोन जागा, एक पुढे, एक मागे. दोघांच्या हातात एकेक वल्हं. एकानं डावीकडे मारायचं, दुसऱ्यानं उजवीकडे. शीड नाही, सुकाणू नाही, आणि भांडण झालं तर उतरून माहेरी जायची सोय नाही. दोघांनी वल्हवायच्या असल्या होडीला तिकडे थट्टेनं 'डिव्होर्स बोट' म्हणतात. घटस्फोटाची होडी!

भांडण कशावरून होतं? त्याचं शास्त्र साधं आहे. होडीची दिशा मुख्यतः मागचा माणूस सांभाळतो. तो नुसतं सरळ वल्हवत राहिला, तर होडी त्याच्या वल्ह्याच्या उलट बाजूला वळत जाते. म्हणून प्रत्येक वेळी शेवटी वल्ह्याचं पातं किंचित बाहेर वळवून त्यानं होडी सरळ करायची असते. पुढच्या माणसानं जोर लावायचा, लय धरायची आणि पाण्यातले दगड, ओंडके बघायचे. म्हणजे दिसतं पुढचीला आणि वळवतो मागचा. मागच्याला पुढची सतत दिसते. पुढचीला मागचा अजिबात दिसत नाही, आणि तिचा आवाजही समोर पाण्याकडे जातो.

आता मधे दगड आला. ती ओरडते, "डावीकडे!" याचा अर्थ काय? दगड डावीकडे आहे? होडी डावीकडे घ्यायची? की वल्हं डावीकडे मारायचं, म्हणजे होडी उजवीकडे वळेल? तीन अर्थ होईपर्यंत होडी दगडावर चढलेली असते. मग मागून आवाज येतो, "अगं, बघत काय होतीस?"

हे वाक्य मी पंधरा उन्हाळे ऐकलं. होडी भरकटली की, "तू सरळ वल्हव ना!" आता सरळ ठेवायचं काम मागच्याचं, पण त्याच्या डोळ्यांसमोर चोवीस तास माझी पाठ. तिळाएवढी चूकही तिथेच दिसणार! आपल्या चळवळीत आपण 'नवरा' न म्हणता 'जोडीदार' म्हणतो. होडीत बसल्यावर मला या दोन शब्दांतला फरक नीट कळला.

तळ्याच्या काठावर उभं राहून बघा. जोडप्यांच्या बहुतेक होड्यांत बाई पुढे आणि पुरुष मागे. मला आपली स्कूटर आठवली. स्कूटरवर बाई मागे बसते, कनूत पुढे बसते. जागा बदलली, पण हँडल दोन्हीकडे त्याच्याच हातात!

याचं कारण विचारलं की उत्तर तयार असतं: वजन. जड माणूस मागे हवा, नाहीतर होडीचं नाक पाण्यात दबतं. हे खरंच आहे. पण जड सामानाची पिशवी पुढे किंवा मागे सरकवली की तोल साधतो. म्हणजे अडचण एका पिशवीची होती. घरातल्या किती 'नैसर्गिक' गोष्टी अशाच एका पिशवीवर उभ्या असतात ते तुम्ही जाणता.

दुसरं कारणही वजनाचंच. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना होडी उलटी करून खांद्यावर घेऊन चालावं लागतं. तिथे हे अंतर रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ कनूच्या लांबीएवढा. जुनी अ‍ॅल्युमिनियमची कनू तीस-पस्तीस किलोची. ती उचलतो तो पुरुष, म्हणून होडी त्याची, म्हणून मागची जागा त्याची. पुढे केवलार नावाच्या धाग्याच्या कनू आल्या, वीस किलोच्या आतबाहेर. आता कितीतरी बायका एकट्या उचलतात. हा धागा १९६५ साली शोधला स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईनं. ओझं हलकं केलं एका बाईनंच. पण ओझ्याच्या नावावर मिळालेली जागा काही आपोआप रिकामी झाली नाही.

बरं, पुढची जागा दुय्यम असते का? मुळीच नाही. कनू मुळात तिथल्या आदिवासींची. बर्च झाडाच्या सालीची होडी बांधताना साल शिवण्याचं काम बायका करत. पुढे फरच्या व्यापारात अशा मोठ्या होड्या वल्हवायला पुरुष मजूर ठेवत. त्यात अगदी पुढच्याला आणि अगदी मागच्याला मधल्यांपेक्षा जास्त मजुरी मिळे, कारण खळाळत्या पाण्यात वाट ओळखायची ती पुढच्यानंच. पुरुष बसला तेव्हा त्या जागेला कसब म्हणाले. बाई बसली, तर तीच जागा 'बस जरा, गंमत बघ' अशी होते.

खेळातही तेच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कनूच्या शर्यती सुरू झाल्या, फक्त पुरुषांच्या. १९४८ मध्ये बायकांना कयाकची शर्यत मिळाली. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याची होडी. कनूसाठी मात्र त्यांना २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत थांबावं लागलं. ८५ वर्षं! गुडघ्यावर बसून एकाच बाजूनं वल्हवलं तर बायकांच्या गर्भाशयाला अपाय होतो, अशी समजूत त्या खेळात बरीच वर्षं होती. दिवसभर वाकून भातलावणी करणाऱ्या किंवा डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईच्या गर्भाशयाची एवढी काळजी कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या होडीत काय झालं ते सांगते. सोळाव्या उन्हाळ्यात मी दोन नियम मांडले. पहिला, शब्दांचा. 'डावीकडे' म्हणजे होडी डावीकडे घ्यायची, दुसरा अर्थ नाही. आणि पुढच्यानं सांगितलं की मागच्यानं आधी वळवायचं, वाद नंतर. दुसरा नियम, दर तळ्याला जागा बदलायची. तो पुढे बसला. दहा मिनिटांत चार वेळा मान वळवून मागे बघितलं. मग म्हणाला, "अगं, तू काय करतेयस ते मला काहीच दिसत नाही!" मी म्हटलं, "अरे, मला पंधरा वर्षं दिसत नव्हतं." त्यावर दोघंही खूप हसलो. भांडणं संपली असं नाही. पण आता ती दगडावरून होतात, माझ्या पाठीवरून होत नाहीत.

मैत्रिणींनो, आम्ही हसू शकलो, कारण मला त्याची भीती नव्हती. हा फरक विसरू नका. घटस्फोटाच्या होडीवरचे बहुतेक विनोद वल्हवता न येणाऱ्या बायकोवर असतात. जिथून उतरता येत नाही अशा जागी कुणी सतत आपल्यावर ओरडत असेल आणि आपण भीतीनं हसत असू, तर तो विनोद नाही. अशा बाईला जागा बदलण्याचा सल्ला देऊन भागत नाही. तिला आधी किनारा लागतो. आणि तो किनारा तयार ठेवणं हे आपल्या गटांचं काम आहे.

बाकीच्यांना एक गृहपाठ. घरी गेल्यावर शोधा, दोघांच्या कामात तुमची जागा कोणती. बँकेचं पासबुक कुणाच्या कपाटात आहे? मुलाची शाळा कुणी ठरवली? सासूबाईंच्या आजारपणात रजा कुणी घेतली? मग एकाच कामात, एक महिनाभर, जागा बदलून बघा. होडी थोडी डगमगेल. कनू डगमगतेच, पण नीट बसलं की सहसा उलटत नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपापला अनुभव सांगायचा आहे. ज्यांचे जोडीदार मान वळवून मागे बघतील, त्यांनी तेही सांगायचं!