खेळांतून शब्दसंपत्ती : फ्रेंच भाषेचे उदाहरण



परभाषेचे शब्द मोबाइल फोनवरील खेळांतून शिकण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. ‘ड्युओलिंगो’ हे खेळाच्या धर्तीचे साधन २०१२ साली सर्वांस खुले झाले. अशा खेळांत फ्रेंच शिकणाऱ्यापुढे सफरचंदाचे चित्र येते व चार शब्दांतून ‘पोम’ निवडावयाचा असतो. चुकलेला शब्द काही वेळाने पुन्हा पुढे येतो.

यामागील तत्त्व मात्र जुनेच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा अभ्यास केला व तो १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यास आढळले. पाढ्यांच्या बाबतीत हे कोणत्या गुरुजींस ठाऊक नाही!

परंतु समोरच्या चारांतून शब्द ओळखणे निराळे आणि काहीच समोर नसता तो आठवणे निराळे. खेळात भरपूर गुण मिळविणारा विद्यार्थी बोलताना अडखळतो, तो यामुळेच. शिवाय लिंगाची अडचण आहेच. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. मराठीतील ‘ते पुस्तक’ तेथे पुल्लिंगी, तर ‘ते टेबल’ स्त्रीलिंगी. ‘लिव्र’ हा शब्द पुल्लिंगी असता पुस्तक, स्त्रीलिंगी असता पौंड! सुटे शब्द शिकविणारा खेळ म्हणून अपुरा पडतो.

यासाठी पडदा झाकून शब्द लिंगदर्शक उपपदासह मोठ्याने म्हणवून घ्यावा. दुसऱ्या दिवशी फोन न उघडता तेच दहा शब्द विचारावेत. न आठवलेले तेवढे पुन्हा खेळावयास द्यावेत.