नव्या प्राध्यापकाचे बोट कोणी धरावे?



प्राथमिक शाळेत शिकवायचे, तर अध्यापनाची पदविका लागते. माध्यमिक शाळेसाठी बी.एड. करावे लागते. महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. गाठीशी असली, की तरुण थेट फळ्यासमोर उभा राहतो. विषय त्याला येत असतो. तो शिकवावा कसा, हे त्याला बहुधा कोणीच सांगितलेले नसते.

शासनाने याचा विचार केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उभी केली. २०१५ साली त्यांचे नामकरण मानव संसाधन विकास केंद्र असे झाले आणि २०२३पासून ती मदनमोहन मालवीयांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षक प्रशिक्षण मिशनचा भाग झाली. आयोगाच्या २०१८च्या नियमावलीने नव्या सहायक प्राध्यापकाला एक महिन्याचे प्रारंभिक प्रशिक्षण बंधनकारक केले; ते शक्यतो अध्यापन सुरू होण्यापूर्वी, निदान पहिल्या वर्षात व्हावे, असा दंडक घातला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर ज्येष्ठ व निवृत्त प्राध्यापकांनी तरुणांना मार्गदर्शन करावे, यासाठी राष्ट्रीय मिशनच सुचविले.

कागदावर एवढे सारे आहे. आता बुलढाणा जिल्ह्याकडे पाहावे. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा. येथील महाविद्यालयांचे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले, ते अमरावतीला. देऊळगावराजाच्या माणसाला जालना हाकेच्या अंतरावर आणि अमरावती दूर. तालुक्याच्या महाविद्यालयात एका विषयाला पुष्कळदा एकच शिक्षक असतो. तोच विभागप्रमुख, तोच कनिष्ठ, तोच ज्येष्ठ. शंका आली, तर त्याने विचारावे कोणाला?

त्यातून तो तासिका तत्त्वावर असेल, तर प्रश्न अधिक बिकट. जेवढे तास शिकविले, तेवढेच मानधन. ज्येष्ठाजवळ बसून शिकण्याचा तास कोणत्याही देयकात बसत नाही. असा तरुण सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी तास घेतो आणि सुट्टीत स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडतो. गुणी माणूस अशा रीतीने अध्यापनातून निघून जातो आणि त्याची किंमत घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी मोजतो.

महिन्याचे प्रशिक्षण आवश्यकच आहे. पण खरी अडचण प्रशिक्षणाहून परतल्यावर सुरू होते. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी संदर्भग्रंथ कसा उलगडून द्यावा? सोयाबीनच्या काढणीत वर्ग ओस पडला, तर राहिलेला भाग कसा भरून काढावा? पहिली प्रश्नपत्रिका कशी काढावी? याची उत्तरे व्याख्यानातून मिळत नाहीत. त्यासाठी मागच्या बाकावर शांतपणे बसून तास ऐकणारा आणि नंतर चहा घेता घेता दोन गोष्टी सांगणारा ज्येष्ठ हवा.

येथे एक पथ्य पाळावे लागेल. मार्गदर्शक हा तपासनीस होता कामा नये. ज्याच्या शेऱ्यावर नोकरी कायम होणे अवलंबून आहे, त्याच्यासमोर कोणी आपली उणीव उघडी करीत नाही. म्हणून मूल्यमापन प्राचार्यांनी करावे आणि मार्गदर्शन दुसऱ्याने. शक्य तर शेजारच्या महाविद्यालयातील त्याच विषयाच्या ज्येष्ठाने. तरुणाने सांगितलेली अडचण त्या दोघांतच राहावी.

संशोधनाचेही तसेच आहे. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेले. जून २०२०मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. त्याच वर्षी ते रामसर यादीत आले. रसायन, भूशास्त्र वा वनस्पतिशास्त्राच्या नव्या अध्यापकाच्या दाराशीच ही प्रयोगशाळा आहे. परंतु अभयारण्यात काम करण्याची परवानगी कशी मागावी, नमुने कसे नोंदवावेत, पहिला शोधनिबंध कसा लिहावा, हे दाखविणारा सोबती नसेल, तर विवराकाठी राहूनही तो कोरडाच राहील.

उपाय फार खर्चाचा नाही. बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर येथे निवृत्त प्राध्यापक राहतात. प्रत्येकाने एका तरुणाला आठवड्यातील एक दुपार, एक वर्षभर द्यावी. संस्थाचालकांनी येण्याजाण्याचा खर्च उचलावा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्या वेळेचेही मानधन द्यावे. हे दुसरे कलम गाळले, तर पहिले केवळ सदिच्छा ठरेल.

सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे. सोबत राहूनच माणूस घडवावा लागतो, हे जिजाऊंच्या माहेरच्या मातीला निराळे सांगावे लागू नये. येत्या सत्रात आपल्या गावच्या महाविद्यालयात एखादा नवा चेहरा रुजू होईल. त्याच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर कोण बसणार, एवढे आजच ठरावे.