आधी पडणे, मग पाडणे

(मुलांना स्वसंरक्षणाचे शिक्षण देऊ इच्छिणाऱ्या पालकांसमोर व क्रीडाशिक्षकांसमोर केलेले भाषण)



आयकिडोच्या वर्गात मुलाला घातल्यावर महिनाभरात पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘आमचा मुलगा नुसत्या कोलांट्या मारतो आहे, डाव कधी शिकणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ही विद्या जिथे घडली, त्या जपानात जाऊन शोधावे लागते.

आयकिडोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांना १९१५ साली होक्काइदो बेटावर ताकेदा सोकाकू हे गुरू भेटले. त्यांची दाइतो-र्यू ही परंपरा शत्रूचे सांधे निकामी करण्यात निष्णात होती. पुढे ओमोतो या पंथाच्या प्रभावाने उएशिबांच्या चिंतनाला वेगळे वळण लागले आणि प्रतिस्पर्ध्याला इजा न करता त्याचा आवेग विफल करणे हे त्यांनी या विद्येचे ध्येय मानले. पकडी बहुतांशी त्याच राहिल्या, हेतू पालटला. आणि खरी अडचण इथेच उभी राहते. मनगट मोडण्याची कृती मनगट न मोडता शिकवायची कशी?

यावरचा तोडगा म्हणजे जोडीने करावयाचा सराव. एक जण हल्ला करतो व शेवटी पडतो. त्याला ‘उके’ म्हणतात. दुसरा डाव करतो, तो ‘नागे’. शिक्षक एखादा डाव चार-पाच वेळा करून दाखवतात, फारसे बोलत नाहीत. मग जोड्या पांगतात. उजवीकडून, डावीकडून, समोर शिरून, पाठीमागे वळून असा चार वेळा डाव झाला की भूमिका बदलतात. म्हणजे तासाचा निम्मा वेळ प्रत्येक जण पडतच असतो. पडताना हनुवटी छातीशी, पाठ गोल, डोके जमिनीपासून दूर, हे अंगात मुरल्याखेरीज ‘शिहोनागे’सारखा डाव मुलाच्या हाती देणे हा बेजबाबदारपणा आहे. त्या डावात हात खांद्यामागे वळून माणूस मागे जातो. घाईने झटका दिला तर डोक्याची मागची बाजू थेट चटईवर आदळते. कोलांट्यांचे महत्त्व ते हेच.

आता पहिला डाव घेऊ : ‘इक्क्यो’, म्हणजे पहिली शिकवण. समोरचा हाताच्या कडेने कपाळावर वार करतो. नागेने तो वार भरात येण्यापूर्वीच पुढे होऊन गाठायचा, एक हात मनगटाशी, दुसरा कोपराशी. नवशिका हमखास मनगट ओढतो आणि ताकदीची झोंबाझोंबी सुरू होते. गुरुकिल्ली कोपरात आहे. कोपर त्याच्या चेहऱ्याच्या दिशेने वर फिरवले की खांदा वळतो, खांद्यामागे कंबर जाते आणि पाय उखडतात. मग त्याला पालथे झोपवून हात चटईवर दाबून धरायचा. वीस वर्षे सराव केलेला माणूसही इक्क्यो पुन्हा पुन्हा घोटतो, कारण पुढच्या अनेक पकडींचा पाया त्यातच आहे.

हे शब्दांत सांगावे की नुसते दाखवावे, यावर उएशिबांच्या शिष्यांतही एकमत नव्हते. १९३१ साली तोक्योत सुरू झालेल्या त्यांच्या कोबुकान शाळेत ते डाव दाखवीत आणि पुढे सरकत. शिष्याने नजरेने चोरून घ्यावे ही जुनी रीत. आपल्या तालमीतले वस्तादही कुठे व्याख्याने देतात? पण ज्यांना घराघरांतून येणारी मुले शिकवायची होती, त्यांना ही रीत पुरेना. इवामा येथे १९४६ पासून गुरूंच्या अखेरपर्यंत शिकलेले मोरिहिरो साइतो यांनी डावाचे टप्पे पाडले. आधी घट्ट पकडीतून सुटणे, मग चालत्या गतीत तेच करणे. गोझो शिओदा यांनी १९५५ साली योशिनकान स्थापून मूलभूत हालचालींची शिस्तबद्ध कवायत बसवली. तोक्योच्या पोलिसांनी तीच उचलली. पुत्र किश्शोमारू उएशिबा यांनी विद्येला सर्वसामान्यांना झेपेल असे रूप देऊन ती जगभर नेली.

खरा आक्षेप मात्र निराळाच आहे. जोडीदार जर सहकार्यच करीत असेल, तर हा सराव नाटक होऊन बसत नाही का? आक्षेप खोटा नाही. भिडस्तपणे, हात लागण्याआधीच पडणारे उके मी पाहिले आहेत, आणि त्या पडण्यावर खूष होणारे शिक्षकही. वासेदा विद्यापीठात शिकवणाऱ्या केन्जी तोमिकी यांनी यावर स्पर्धेचा उपाय काढला. लवचिक नकली सुरी घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याशी मोकळी झुंज. प्रवर्तकांना स्पर्धा मान्य नव्हती आणि मुख्य प्रवाहात ती आजही नाही. माझे मत विचाराल तर लहान मुलांना स्पर्धेची गरज नाही, पण प्रामाणिक हल्ल्याची आहे. वार नेमका कपाळावर यावा, मनगट खरोखर धरावे, तोल गेला नसेल तर पडू नये. मोठ्या मुलाने लहानाला ताकदीने अडवून धरणे हाही अप्रामाणिकपणाच. डाव आधीच ठाऊक असलेला कोणीही तो अडवू शकतो.

दोन-चार महिन्यांच्या शिक्षणावर रस्त्यावरच्या गुंडाला लोळवता येईल, असे आश्वासन कोणी देत असेल तर तिथून मुलाला परत आणा. वर्ग निवडताना पंधरा मिनिटे कडेला बसा. पकड असह्य झाली की उके चटईवर दोनदा थाप मारतो. ती थाप पडताच पकड सुटते का, की अर्धा क्षण आणखी टिकते, ते पाहा. शिक्षक एखाद्या नवशिक्या मुलीच्या हातून स्वतः पडतात का, तेही पाहा.