भिंतीवरची चिकटपट्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला घरातील एखाद्या उपयोगी गोष्टीवर बोलावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठा विषय मला पेलावयाचा नाही. म्हणून भिंतीवर चिकटवलेली हुकाची पट्टी रंग न खरवडता कशी काढावी, एवढेच सांगणार आहे. हसू नका. या पट्टीपायी माझ्या बहिणीच्या मुलीचे तीन हजार रुपये गेले.

आपल्या जुन्या घरांना हा प्रश्नच नव्हता. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, तीत कोनाडा, आणि घर बांधतानाच ठोकलेल्या लाकडी खुंट्या. टोपी, छत्री, पिशवी सगळे खुंटीवर. आता सिमेंटचा गिलावा आला. त्यात खिळा ठोकला की खिळ्याबरोबर मूठभर गिलावा खाली येतो. म्हणून मुली चिकटणारे हूक लावतात. चतुर्थीला मखरामागचा पडदा आणि माळाही आता त्यांवरच टांगतात. यात सुनांना बोल लावण्यासारखे काही नाही.

माझी भाची कोल्हापुरास नर्सिंग शिकत होती, भाड्याच्या खोलीत. खोली सोडताना तिने हूक धरून जोराने आपल्याकडे ओढले. मला फोन आला, "गो मावशे, रंग सगळो सोलान इलो!" घरमालकाने अनामतीतून तीन हजार कापून घेतले. तिचे बाबा पेठेत दुसऱ्याच्या दुकानात काम करतात. तीन हजार म्हणजे काय ते आपणांस सांगावयास नको. तेव्हापासून मी पाकिटावरील सूचना मुलाकडून वाचून घेतल्या आणि आमच्या पडवीत करून पाहिले.

या पट्ट्या दोन जातींच्या असतात. एका जातीस खाली बोटाएवढे मोकळे शेपूट असते. ही रबरासारखी ताणते. हूक डाव्या हाताने नुसता धरावा, भिंतीवर दाबू नये. उजव्या हाताने शेपूट सरळ खाली, भिंतीला लगटून, सावकाश ओढावे. आपल्या अंगाकडे मुळीच नको. पट्टी दीड-दोन वीत लांब होते. घाबरून मध्येच थांबू नये. ताणली की ती पातळ होते आणि कडेपासून आपोआप भिंत सोडते. अंगाकडे ओढली तर सगळा जोर रंगावर येतो आणि पापुद्रा निघतो. वर्म एवढेच आहे.

शेपूट तुटले, किंवा पट्टी फेसासारख्या जाड, दोन्हीकडून चिकटणाऱ्या जातीची असली, तर ओढाओढ करू नये. केस वाळवण्याचे यंत्र कोणाकडे असेल तर दोनेक मिनिटे दुरून ऊब द्यावी, म्हणजे गोंद मऊ होतो. मग गरीला लावतात ती तंगूस दोन्ही हातांत ताणून हुकाच्या मागे घालावी आणि करवतीसारखी पुढे-मागे करीत खाली आणावी. आपल्याकडे तंगूस कोणत्या घरात नाही? हूक सुटला की मागे राहिलेला फेस आणि गोंद बोटाने चोळून त्याची गोळी करावी. सुरी लावू नये. जुने बँकेचे कार्ड असेल तर ते आडवे धरून चालवावे.

खोबरेल तेलाने गोंद निघतो हे खरे, पण ते काचेला, फरशीला, स्टीलच्या कपाटाला. नंतर साबणाने पुसावे. डिस्टेंपरच्या भिंतीस तेल लावले तर डाग पडेल आणि तो गोंदाहून वाईट दिसेल. रॉकेल आणि थिनर यांचे तर नावच काढू नका. रंगही जाईल आणि चुलीजवळ भलतेच व्हावयाचे.

आता लावण्याविषयी, कारण अर्धे काम तेथेच होते. भिंतीवर तळहात घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली, म्हणजे चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. तेथे पट्टी लावूच नये. ती भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटते. नवा रंग दिला असेल तर निदान आठवडाभर थांबावे. आणि पावसाळ्यात शुकनदीचे पाणी पेठेत येते, तेव्हा ज्यांच्या भिंतीला ओल चढते त्यांनी त्या भिंतीवर काहीच टांगू नये. घरातील गेलेल्या माणसाची काचेची तसबीर तर कोणत्याच भिंतीवर या हुकाला लावू नये. तिला खिळा किंवा खुंटीच हवी.

मुलाने एक गोष्ट वाचून दाखविली. अमेरिकेत मोटारींना दोन रंग देणारे कारागीर कागद चिकटवीत, आणि तो काढताना ताजा रंग निघून येई. त्यांची ही रड पाहून रिचर्ड ड्र्यू नावाच्या माणसाने 1925 साली हलकी चिकटणारी कागदी पट्टी काढली. आपले रंगारी खिडकीच्या कडेला लावतात ती तीच. म्हणजे हे दुखणे आपल्या एकट्यांचे नव्हे.

एवढे करूनही पापुद्रा निघालाच तर बारीक सँडपेपर फिरवावा, पुट्टीचा हात द्यावा, वाळू द्यावे आणि त्याच रंगाचा बोळा लावावा. म्हणून घराला रंग काढाल तेव्हा उरलेला रंग बाटलीत घट्ट बुचाने ठेवा आणि बाटलीवर खोलीचे नाव लिहा. आमच्या घरी अशा चार बाटल्या आहेत. सासूबाई त्यांना "पोरीची औषधां" म्हणतात.

भाचीने दुसरी खोली सोडली तेव्हा अकरा हूक होते. मी फोनवर होते, ती एकेक काढत होती. घरमालकीणबाईंनी भिंतीवरून हात फिरवून पाहिला आणि अनामत पुरी परत केली.

चहानंतर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मागच्या खिडकीजवळ यावे. तेथे दोन्ही जातींच्या पट्ट्या सकाळीच लावून ठेवल्या आहेत. तंगूस मी आणली आहे.